लेकीला उन्हाळ्यात रँचवर जाऊ देऊ का?

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली २२ वर्षं न्यू जर्सीत एडिसनला आहोत. मुलगी इथेच जन्मली, आता १९ वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला बायोलॉजी घेऊन शिकते. आम्हाला न विचारता तिने वायोमिंगमधल्या एका गेस्ट रँचवर (पाहुणे पैसे देऊन राहायला आणि घोड्यावर फिरायला येतात अशा ठिकाणी) उन्हाळ्याच्या नोकरीसाठी अर्ज केला आणि ऑफरही आली. रँच कोडी गावाच्या पश्चिमेला डोंगरात आहे. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत काम. ऑफरमध्ये लिहिलंय ते असं: हाउसकीपिंग आणि डायनिंग रूम, महिना १,४०० डॉलर, राहणं-जेवण त्यांच्याकडे, टिप्स वेगळ्या, आठवड्यातून एक सुट्टी. तिला वाटतंय की दिवसभर घोड्यावर बसायला मिळेल. तिचे बाबा म्हणतात, "दोन बॅगा घेऊन या देशात आलो ते लेकीने लोकांचे संडास धुवावेत म्हणून?" दोन आठवडे बापलेकीत अबोला आहे. मला काळजी वेगळीच. तिथे अस्वलं, फोन लागत नाही, आपल्यासारखं दिसणारं कुणी नसणार. आम्ही घरात बीफ खात नाही. त्यात माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून इथे कॉम्प्युटरमध्ये एमएस करायला आलाय, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. तो म्हणतो, "मावशी, मीही जातो तिच्याबरोबर. पगार नको, नुसतं राहणं-जेवण दिलं तरी चालेल." काय करू?
— एक आई, एडिसन

नमस्कार,

भाच्याचं आधी सांगते, कारण तिथे विचार करायला जागाच नाही. त्याला जाऊ देऊ नका. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि पगार घेतला नाही म्हणून ते काम ठरत नाही असं मुळीच नाही. कामाच्या बदल्यात खोली आणि जेवण मिळालं तर तोही मोबदलाच. उद्या ओपीटीच्या (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) किंवा एच-१बीच्या (नोकरीचा व्हिसा) वेळी हे निघालं तर एका उन्हाळ्यापायी त्याचं सगळं शिक्षण पणाला लागेल. अभ्यासक्रमाशी जोडलेल्या कामाला सीपीटी नावाची परवानगी मिळते, पण कॉम्प्युटरच्या एमएसला रँचवरची भांडी जोडता येणार नाहीत. कॉलेजच्या सुट्टीत कॅम्पसवरच पूर्णवेळ काम करायची त्याला मुभा असते, ते बघायला सांगा. आणि हे वाचून ज्यांच्या घरी एच-४ वरची, म्हणजे आईबापांच्या एच-१बीवर अवलंबून असलेली, मुलं आहेत त्यांनीही लक्षात घ्यावं, की त्या मुलांनाही अशी नोकरी करता येत नाही. भारतातल्या विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी जे-१ या एक्स्चेंज व्हिसामधला उन्हाळी कामाचा वेगळा प्रकार असतो, पण तो अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्य केलेल्या प्रायोजक संस्थेमार्फतच. रँचच्या मालकाने परस्पर दिलेल्या आमंत्रणावर येऊन काम करता येत नाही.

तुमच्या मुलीला यातलं काहीच लागू नाही, ती इथली नागरिक आहे. माझं मत विचाराल तर तिला जाऊ द्या. पण ज्या नोकरीची ती स्वप्नं बघते आहे ती नोकरी तिला मिळालेलीच नाही, आणि जी मिळाली आहे ती नीट समजून तिने हो म्हणावं, एवढा माझा आग्रह आहे. मी मोंटानात राहते. काही उन्हाळे एका गेस्ट रँचच्या ऑफिसात भरतीचे अर्ज वाचणं, पगार काढणं ही कामं मी केली आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

आधी घोड्यांचं. रँचवर घोड्यांची माणसं वेगळी असतात, त्यांना रँग्लर म्हणतात, आणि ती बहुतेक लहानपणापासून घोड्यांत वाढलेली असतात. त्यांचं कामही घोड्यावर बसून डोंगर बघण्याचं नाही. उजाडायच्या आत रानातल्या कुरणावरून सगळे घोडे हाकून आणायचे, त्यांना खरारा करायचा, खुरांतली माती आणि खडे काढायचे, पंधरा-वीस किलोचं खोगीर उचलून पाठीवर टाकायचं, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसायचा, आणि घोडा चार पावलं चालला की पुन्हा एकदा तपासायचा, कारण तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. मग ज्यांनी आयुष्यात कधी लगाम हातात धरलेला नाही अशा पाहुण्यांना त्यावर बसवून सुखरूप परत आणायचं. तुमच्या मुलीची ऑफर हाउसकीपिंग आणि डायनिंग रूमची आहे. तिला घोड्यावर बसायला मिळेल, पण ते दुपारच्या मोकळ्या वेळात किंवा सुट्टीच्या दिवशी, घोडा आणि रँग्लर दोन्ही रिकामे असतील तेव्हा. काही रँच स्टाफला आठवड्यातून ठरावीक वेळ बसू देतात, काही ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये घोडेच शिल्लक नसतात. "हाउसकीपिंगच्या मुलींना गेल्या उन्हाळ्यात साधारण कितीदा राइडला जायला मिळालं?" असा थेट प्रश्न तिने विचारावा. "हो, मिळतं की" एवढ्यावर समाधान मानू नये.

आता तिचं खरं काम. बऱ्याच रँचवर पाहुणे आठवड्याच्या हिशोबाने येतात. शनिवारी किंवा रविवारी एक तुकडी जाते आणि त्याच दिवशी दुपारी दुसरी येते. मधे जे काही तास मिळतात त्यात सगळ्या केबिन नव्यासारख्या करायच्या. पाहुणे न्याहारी करून गाडीत सामान टाकत असतानाच मुली चादरींचे गठ्ठे बाहेर काढायला लागतात. आठवडाभर घोड्यावर बसलेल्या माणसांची केबिन असते ती. बाथटबला लाल मातीची कड धरलेली असते, गालिच्यात गवताच्या काड्या रुतलेल्या असतात, शेकोटीत राख साठलेली असते. राख पत्र्याच्या बादलीत काढायची, आणि तीही लगेच कचऱ्यात टाकायची नाही, कारण आत निखारा असू शकतो. नव्या पाहुण्यांसाठी लाकडं रचायची, चिरफळ्या वेगळ्या ठेवायच्या. चादरीचे कोपरे असे दुमडायचे की मुख्य बाई येऊन हात फिरवेल तेव्हा एक सुरकुती लागता कामा नये. हे झालं की आंघोळ करून, केस बांधून, स्वच्छ शर्ट घालून त्याच मुली संध्याकाळी नव्या पाहुण्यांना हसतमुखाने जेवण वाढतात. त्या रात्री त्यांना उभं राहवत नाही. बाकीचे दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तुकड्यांत जातात आणि दुपारी दोन-तीन तास मोकळे मिळतात.

तुमच्या यजमानांचा राग मला कळतो, त्यात लेकीबद्दलची माया आहे. पण त्यांना हे सांगा की त्या केबिनमध्ये तिच्या बरोबरीने चादर ओढणारी मुलं कुणी हलकी सलकी समजली जाणारी नसतात. कुणी ओहायोच्या शेतकऱ्याचा मुलगा, कुणी टेक्सासच्या डॉक्टरची मुलगी, कुणी पुढच्या वर्षी लॉ स्कूलला जाणारी. मी पाहिलेल्या रँचवर मालकांच्या स्वतःच्या मुली शनिवारी त्याच बादल्या उचलत होत्या. या धंद्याची रीतच ती आहे. पेनसिल्व्हेनियातून आलेल्या ईटन बंधूंनी १८८० च्या दशकात डकोटाच्या मुलखात आपल्या रँचवर पैसे घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली, १९०४ मध्ये ते वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी आले, आणि १९२६ मध्ये अशा रँचवाल्यांची संघटनाही झाली. तेव्हापासून हा बहुतेक ठिकाणी घरचा धंदा राहिला आहे आणि घरातली सगळी माणसं पडेल ते काम करतात. आपल्याकडे साफसफाईला जात चिकटली आहे, आपण अमेरिकेत आलो तरी ती नजर आपल्याबरोबर आली. लेकीच्या पिढीत ती गळून पडत असेल तर आईबापांनी अडवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मात्र काम प्रतिष्ठेचं आहे म्हणून पगाराचा हिशोब करायचा नाही असं नाही. १,४०० डॉलर महिना, सहा दिवस काम. आठवड्याला ५० तास धरले तर तासाला साडेसहा डॉलरच्या आसपास पडतात. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे आणि वायोमिंगमध्ये तेच धरलं जातं, कारण राज्याचा स्वतःचा आकडा त्याहून कमी, ५.१५ आहे. म्हणजे लगेच फसवणूक समजू नका. कायद्यात राहण्या-जेवणाची किंमत काही अटींवर वेतनात धरता येते, आणि वर्षातले मोजकेच महिने चालणाऱ्या मनोरंजनाच्या व्यवसायांना किमान वेतनातून आणि ओव्हरटाइममधून सूटही असते. पण तुमच्या मुलीला कोणत्या हिशोबाने पगार मिळणार, तास मोजले जाणार का, पन्नासचे साठ झाले तर काय, हे तिला लेखी कळायला हवं. प्रामाणिक रँच दोन ओळींत उत्तर देते.

खरी कमाई टिप्समध्ये असते. पाहुणे बहुधा आठवड्याच्या बिलाच्या १५ ते २० टक्के रक्कम स्टाफसाठी ठेवतात आणि ती सगळ्यांत वाटली जाते. कशी वाटली जाते तेच महत्त्वाचं. सगळ्यांना सारखी, की रँग्लरना जास्त? दर आठवड्याला, की महिन्याला? की त्यातला काही भाग शेवटपर्यंत राहिलं तरच? गेल्या उन्हाळ्यात हाउसकीपिंगच्या एका मुलीच्या हातात आठवड्याला साधारण किती पडले, हे विचारण्यात काही गैर नाही. दरवर्षी चार-दोन अर्जदार हे विचारत, आणि विचारणाऱ्या मुलांबद्दल आमचं मत चांगलंच होत असे.

पत्रात एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे असं वाटतं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी अडचण तीच आहे. करार सप्टेंबरअखेरपर्यंतचा आहे. तिचं कॉलेज कधी सुरू होतं? न्यू जर्सीत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिला वर्गात बसावं लागेल. रँचचं वर्षाचं उत्पन्न या चार-साडेचार महिन्यांत येतं, आणि कॉलेजची मुलं ऑगस्टमध्ये निघून गेली की सप्टेंबरच्या पाहुण्यांना वाढायला माणसं नसतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी करार पूर्ण करणाऱ्याला बोनस असतो आणि मधेच जाणाऱ्याला तो मिळत नाही. तिने ऑफर स्वीकारायच्या आधीच स्पष्ट लिहावं की मी अमुक तारखेपर्यंतच थांबू शकते, आणि ती तारीख करारात घालून घ्यावी, बोनसही त्याच तारखेला धरून. "जून-जुलैत बघू, तेव्हा सांगू" असं करू नये. एक मुलगी अचानक गेली की तिच्या वाटच्या केबिन बाकीच्या मुलींवर पडतात, आणि हे तिथे कुणी विसरत नाही.

राहण्याची व्यवस्था तुम्ही स्वतः बारकाईने विचारा, आईने विचारलेलं कुणाला खटकत नाही. मुलींचं घर वेगळं आहे का? एका खोलीत किती जणी? खोलीला आणि न्हाणीघराला आतून कडी आहे का? रात्री काही झालं तर त्याच आवारात कोण मोठं माणूस झोपतं? एखाद्या पाहुण्याने किंवा सहकाऱ्याने त्रास दिला तर तिने कुणाकडे जायचं, आणि तो त्रास देणारा त्या माणसाचाच मित्र किंवा नातेवाईक असला तर दुसरं कोण? दारूचंही विचारा. रात्री शेकोटीभोवती स्टाफ बसतो, त्यात २१ च्या वरचे आणि खालचे दोन्ही असतात. ती १९ ची आहे. चांगल्या रँचवर याबाबतीत नियम कडक असतो आणि तो मोडला तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. तुमच्या लेकीवर तुमचा विश्वास असेलच, पण नियम कडक असणं तिच्याच सोयीचं आहे, कारण मग नाही म्हणायला कारण शोधावं लागत नाही.

आणि एवढं कराच: गेल्या वर्षी तिथे काम केलेल्या दोन मुलींचे फोन नंबर रँचकडून मागून घ्या. त्यातली एक पुन्हा न गेलेली असावी. मुलीला त्यांच्याशी अर्धा तास बोलू द्या, तुम्ही खोलीत थांबू नका. रँच नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर मी या नोकरीला नाही म्हणेन, बाकी सगळं कितीही छान असलं तरी.

आता तुमची अस्वलं. कोडीच्या पश्चिमेला अब्सारोका डोंगरांत ग्रिझली अस्वलं आहेत, हे खरं आहे. तो सगळा पट्टा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. पण तिथे राहणारी माणसं अस्वलांबरोबर जगायला शिकलेली असतात, आणि पहिल्याच आठवड्यात स्टाफलाही शिकवतात. एकटीने पहाटे किंवा संध्याकाळी पायवाटेवर फिरायला जायचं नाही, झाडीतून जाताना बोलत जायचं, बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावायचा, आणि अस्वल दिसलं तर पळायचं नाही. हा स्प्रे विमानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. तो कोडीला विकत घ्यायचा किंवा रँच देते का विचारायचं. यलोस्टोनचा नियम अस्वल, लांडगे आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड, बाकी जनावरांपासून २५ यार्ड लांब राहण्याचा आहे, तो रँचवरही पाळावा. रानगवे (बायसन) आणि मूस हे थोराड हरीणही अंगावर येतात, आणि लोकांना त्यांची भीती कमी वाटते म्हणून जास्त जवळ जातात.

इथेच तुम्हाला एक सांगायचं आहे, कारण तुम्ही हे करणारच. चिवड्याचा आणि लाडवांचा डबा तिच्या बॅगेत घालू नका. म्हणजे पाठवा, पण तो तिच्या खोलीत राहता कामा नये, गेल्या गेल्या स्वयंपाकघरात द्यायचा. अस्वलाच्या मुलखात झोपायच्या खोलीत खाणं ठेवत नाहीत, तुपाचा वास तर फार लांब जातो. आणि अस्वल आलं नाही तरी उंदीर येतातच.

उंदरांवरून आठवलं. अस्वलापेक्षा मला हाउसकीपिंगच्या मुलींसाठी याचीच काळजी जास्त वाटते. मे महिन्यात तिला सगळ्यांत आधी जे काम मिळेल ते हिवाळाभर बंद असलेल्या केबिन उघडण्याचं. तिथल्या रानउंदरांच्या लेंड्यांतून आणि मुतातून हंटाव्हायरस पसरतो. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर फुप्फुसांवर जातो आणि जीवघेणा ठरू शकतो. कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम मारला की ती धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. म्हणून आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास तरी वारा खेळू द्यायचा. मग हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचं पाणी, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, चांगलं भिजेल इतकं मारायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि कागदाने पुसून घ्यायचं. बायोलॉजीची मुलगी आहे, तिला कारण सांगितलं की ती विसरणार नाही. कुणी घाईत "झाडून टाक गं" म्हणालं तरी तिने झाडू नये. नंतरच्या आठवड्यांत ताप आणि अंगदुखी, विशेषतः मांड्या-पाठ दुखून दम लागायला लागला, तर डॉक्टरला उंदरांच्या खोल्या साफ केल्याचं आवर्जून सांगावं.

उंचीचंही सांगते. त्या भागातल्या रँच साधारण ६,००० ते ७,००० फुटांवर आहेत, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, जिना चढताना धाप लागेल, नाकातून रक्त येईल कदाचित, हवा फार कोरडी असते. पाणी भरपूर प्यायचं. जूनमध्येही एखाद्या रात्री बर्फ पडू शकतं, आणि जुलै-ऑगस्टच्या दुपारी विजांची वादळं येतात. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचा असेल तर पहाटे निघून दुपारच्या आत उंच कड्यावरून खाली यायचं.

विमा बघा. ती २६ वर्षांची होईपर्यंत तुमच्या पॉलिसीवर राहू शकते, पण तुमचा प्लॅन न्यू जर्सीतल्याच डॉक्टरांपुरता असेल तर वायोमिंगमध्ये तातडीची सेवा सोडून बाकी कशाचेच पैसे मिळणार नाहीत. विमा कंपनीला फोन करून कोडीतलं हॉस्पिटल त्यांच्या यादीत आहे का ते विचारा. रँचला विचारा की कामावर दुखापत झाली तर वर्कर्स कॉम्पेन्सेशनचं संरक्षण हाउसकीपिंगच्या स्टाफला आहे का.

फोन लागत नाही, हे खरंच. स्टाफसाठी कुठेतरी वायफाय असतं, बहुधा ऑफिसच्या किंवा जेवणघराच्या आसपास, आणि संध्याकाळी सगळेच एकदम वापरतात म्हणून रडतखडत चालतं. रोज फोनची अट घालू नका. तिला जमणार नाही, आणि एक दिवस चुकला की तुम्ही रात्रभर जागाल. आठवड्यातून तिच्या सुट्टीच्या दिवशी एक फोन, मधे एखादा मेसेज आला तर आला. ऑफिसचा लँडलाइन नंबर तुमच्याकडे असावा, तो खरोखरच्या अडचणीसाठी.

आपल्यासारखं दिसणारं कुणी नसेल, हे तुम्ही लिहिलंत. बहुतेक नसेलच. वायोमिंग हे अमेरिकेतलं सगळ्यांत कमी वस्तीचं राज्य आहे. २०२० च्या जनगणनेत सगळ्या राज्यात मिळून ५ लाख ७७ हजारांच्या आसपास माणसं होती. तुमच्या एकट्या सातारा जिल्ह्यात २०११ मध्येच ३० लाख होती. एडिसनला जिने गणपतीला चौकाचौकात मराठी ऐकलं, तिला ही शांतता अंगावर येईल. पाहुणे तिला "मूळची कुठली?" असं विचारतील, बहुतेक कुतूहलाने, एखादा खवचटपणेही. त्याचं उत्तर तिने स्वतः ठरवावं, तुम्ही पढवू नका. तिच्या पिढीला हे प्रश्न तुमच्यापेक्षा जास्त सवयीचे आहेत. पण कुणी मर्यादा ओलांडली तर "पाहुणा आहे, गप्प बस" असं रँच म्हणणार का, हे त्या दोन जुन्या मुलींना विचारण्याच्या प्रश्नांत घाला.

जेवणाची अडचण मोठी नाही. बीफ तिथे असणारच, आठवड्यातून एकदा बाहेर निखाऱ्यांवर स्टेक भाजतात, तो तिथल्या आठवड्यातला मोठा कार्यक्रम असतो. तिने स्वयंपाक्याला आल्या आल्या नीट सांगावं की बीफ खात नाही, चिकन-अंडी खाते असेल तर तसं. बीन्समध्ये बेकन किंवा बीफचा रस्सा असतो, तेवढं विचारून घ्यावं. वाढताना मात्र तिलाच बीफच्या ताटल्या न्याव्या लागतील. ते तिला चालणार आहे का, हे तिने घरीच ठरवावं, तिथे जाऊन नाही.

इंटर्नशिपबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण बाबांच्या मनात ते असेलच. दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा असा घालवला तर काही बिघडत नाही. पुढच्या वर्षीचा मात्र तिने प्रयोगशाळेसाठी राखावा आणि त्याचे अर्ज शरद ऋतूतच करावेत.

जाण्याआधी रेड क्रॉसचा प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स करू द्या. टाचेचे बूट घ्यायला सांगा, कारण टाच नसलेल्या बुटातला पाय रिकिबीतून आरपार निसटतो आणि घोडा उधळला तर माणूस फरफटत जातो. बूट इथूनच घालून पाय रुळू द्यावेत, नाहीतर पहिल्याच शनिवारी टाचेला फोड येतील. आणि घोड्यावर बसताना हेल्मेट. तिथे सगळे काउबॉय हॅट घालतात, हेल्मेट घातलेली ती एकटीच असेल, तरी घालावं. यात मी कुणाचं ऐकत नाही.

जुलैच्या मध्यावर तिचा एक फोन येईल त्याची तयारी ठेवा. नवलाई संपलेली असते, पाय दुखत असतात, खोलीतल्या मुलीशी खटका उडालेला असतो, एखादा पाहुणा काहीतरी लागेल असं बोललेला असतो. ती रडेल. तेव्हा "मी सांगितलं होतं" म्हणू नका आणि लगेच तिकीटही काढू नका. नीट झोपते का, जेवते का, सुट्टी खरोखर मिळते का, कुणी त्रास देतंय का, एवढं विचारा. त्रास असेल, करारातलं पाळलं जात नसेल, तर त्याच दिवशी परत बोलवा, बोनसची फिकीर करू नका. नुसता थकवा असेल तर पुढच्या सुट्टीपर्यंत थांब म्हणावं. सुट्टीच्या रात्री पोरं कोडीत रोडिओ (काउबॉयांच्या घोडे-बैलांच्या कसरतींचा खेळ) बघायला जातात, उन्हाळ्यात तिथे रोज रात्री असतो.

ऑफरचं पत्र आज तिच्या बाबांच्या हातात द्या. ते बोलत नसले तरी वाचतील. तारखा, तास, टिप्स, बोनस, विमा, यातल्या ज्या ज्या गोष्टी पत्रात नाहीत त्या पेन्सिलीने खुणा करून तिच्या टेबलावर ठेवायला सांगा. रँचला ईमेल तिने लिहावी, त्यांनी नाही. आणि उत्तरं समाधानाची आली, ऑगस्टमधली तारीख पक्की झाली, तर त्यांनीच तिला आणायला जावं. बिलिंग्जपर्यंत विमान, तिथून गाडी भाड्याने घेऊन कोडी दोन तासांवर आहे, आणि कोडीहून यलोस्टोनचं पूर्वेचं फाटक पन्नासेक मैल. ऑगस्टमध्ये कोडीत मोटेलच्या खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे तारीख ठरली की लगेच बुक करा.